मीठ मारतं, मग मिठात राहतं कोण?

२०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. टाळेबंदी होती, लोकांच्या हाती वेळही होता आणि फोनही, त्यामुळे फोटोंच्या मागोमाग कारणंही फिरू लागली. कुणी म्हणे प्रदूषण, कुणी म्हणे उल्केतलं काहीतरी विरघळलं, कुणाला त्यात दैवी संकेत दिसला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पोचले. आघारकरमधून आलेलं उत्तर थोडक्यात असं होतं: हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले आहेत आणि हा रंग त्यांचा आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले आणि या मंडळींचे दिवस आले. नमुना न हलवता ठेवला की जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ दिसे.

बहुतेक बातम्या इथे थांबल्या. मला मात्र त्यातली 'क्षार वाढले म्हणून जीव वाढले' ही ओळ सगळ्यात विचित्र वाटली. आपण मीठ वापरतो ते नेमकं उलट्या कामासाठी, काही वाढू नये म्हणून. सुकट, खारवलेली मासळी, लोणची, पापड, सगळीकडे मिठाचा पहारा. मग हा पहारेकरी या सूक्ष्मजीवांना का अडवत नाही?

आधी मीठ मारतं कसं ते बघू. कैरीच्या फोडींना मीठ चोळून परात तासभर ठेवली की तळाशी पाणी साचतं. मिठाने फोडींना काही केलेलं नसतं, त्यांच्यातलं पाणी तेवढं बाहेर ओढलेलं असतं. पेशीच्या पडद्यातून पाणी सहज ये-जा करतं, आणि जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे ते जातं. एखादा जीवाणू खाऱ्या पाण्यात पडला की त्याचं हेच होतं. तो पाण्यात बुडालेला असतो आणि तहानेने सुकत असतो.

शास्त्रज्ञ हे एका आकड्यात मांडतात. शुद्ध पाण्याची 'उपलब्धता' १ धरायची. मीठ टाकलं की पाण्याचे रेणू सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांभोवती गुंततात, आणि मोकळं, वापरता येण्याजोगं पाणी कमी होतं. आणखी मीठ विरघळणारच नाही इतक्या खाऱ्या पाण्यात हा आकडा ०.७५च्या आसपास येतो. बहुतेक जीवाणू ०.९ च्या जवळपासच हात टेकतात. म्हणजे मिठागरातल्या शेवटच्या वाफ्यात पाणी डोळ्यांना भरपूर दिसतं, पण सामान्य जीवाणूच्या दृष्टीने ते वाळवंट असतं. शिवाय दुसरी अडचण प्रथिनांची. प्रथिनं आपल्याभोवती पाण्याचा एक पातळ थर बाळगून असतात, म्हणून ती सुटी सुटी राहतात आणि कामं करतात. मीठ तो थर पळवतं, की प्रथिनं एकमेकांना चिकटून साका बनतात. प्रयोगशाळेत द्रावातून प्रथिनं खाली बसवायला मुद्दाम क्षार घालतात, तो याच तत्त्वावर.

आता ही सरोवरं खारी होतात तरी कशी? नियम साधा आहे: पाणी आत येतं, पण वाफ होण्याखेरीज बाहेर पडायला वाट नसते. नदीचं पाणी आपल्याला गोडं लागतं, पण खडकांतून धुतलेले थोडे क्षार त्यात असतातच. समुद्राला न मिळता ते खोलगट जागी साठत गेलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षांचा हिशेब जमतो. राजस्थानातलं सांभर असंच, मृत समुद्रही तसाच. जॉर्डन नदी त्यात येते, पुढे कुठेच जात नाही, कारण त्याचा काठ समुद्रसपाटीच्याही चारशे मीटरहून खाली आहे. साध्या समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात, मृत समुद्रात जवळपास ३४० ग्रॅम.

पण सगळी खारी सरोवरं एका जातीची नसतात, आणि यात लोणारची गंमत आहे. पाणी आटू लागलं की सर्वांत आधी कॅल्शियम आणि कार्बोनेट जोडी जमवून चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतात. दोघांपैकी जो शिल्लक उरतो तो सरोवराचं पुढचं नशीब ठरवतो. कॅल्शियम उरलं तर कार्बोनेट संपतं आणि शेवटी नेहमीच्या मिठासारखं खारं सरोवर तयार होतं. कार्बोनेट उरलं तर धुण्याच्या सोड्याचं सरोवर होतं, आणि त्याचा सामू (पीएच) चढत चढत ९-१०च्या पुढे जातो. लोणारचं विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. बेसाल्ट झिजून आलेलं पाणी विवरात साठतं आणि बाहेर जाऊ शकत नाही. इथे कार्बोनेट जिंकलं, आणि सामू १०च्या घरात गेला. मुघलकालीन नोंदींत लोणारला काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो असं लिहिलेलं आहे. जुन्या गॅझेटियरांत तिथल्या क्षारांची डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं येतात. नावं ऐकूनच कळतं की लोकांना हे पाणी 'खारं' एवढ्यावर भागत नव्हतं, त्यांना त्यातले प्रकार माहीत होते.

सोड्याच्या अशाच सरोवरांची एक रांग पूर्व आफ्रिकेत ज्वालामुखींच्या पट्ट्यात आहे. इजिप्तमधल्या वादी नत्रूनचा सोडा तर ममी सुकवायला वापरत.

तर मग त्यात जगायचं कसं? इथे एक गैरसमज आधी काढायला हवा. आपल्याला वाटतं की खाऱ्या पाण्यातले जीव मिठाशी झुंज देत असतील, जाड भिंती उभारून ते बाहेर ठेवत असतील. तसं नाही. पाणी नेहमी दाट बाजूकडे जात असेल, तर त्याला आत ठेवण्याचा एकच मार्ग: आतली बाजूही तितकीच दाट करायची. आता ती कशाने दाट करायची, यावर या जीवांचे दोन पंथ झाले.

पहिला पंथ हॅलोआर्कियांचा. आर्किया म्हणजे दिसायला जीवाणूंसारखे, पण वंशवृक्षात वेगळ्या फांदीवरचे सूक्ष्मजीव. यांनी सरळ मीठच आत भरून घेतलं. मात्र सोडियमचं नव्हे, पोटॅशियमचं. सोडियम पंपाने बाहेर काढायचं, पोटॅशियम आत साठवायचं, आणि आतला क्षार बाहेरच्या तोडीस तोड ठेवायचा. स्वस्त आणि मस्त. पण अशा दाट क्षारात प्रथिनांचा साका होतो, ते वर पाहिलंच. म्हणून यांनी आपली जवळजवळ सगळी प्रथिनं बदलून घेतली. हॅलोआर्कियाच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ही आम्लं खच्चून भरलेली असतात. त्यांचा ऋण भार पाण्याला आणि पोटॅशियमला पकडून ठेवतो, थर टिकतो, प्रथिनं सुटी राहतात.

याची किंमत मोठी आहे. मीठ नसेल तर तेच ऋण भार एकमेकांना ढकलू लागतात आणि प्रथिन उलगडून निकामी होतं. या कुळातला सर्वांत जास्त अभ्यासलेला हॅलोबॅक्टेरियम घ्या. (नावात बॅक्टेरियम असलं तरी तो आर्कियाच. नाव आधी ठेवलं गेलं, कूळ नंतर कळलं.) परीक्षानळीत त्याचा लालसर गढूळ द्राव असतो. त्यात डिस्टिल्ड वॉटर ओतलं की गढूळपणा बघता बघता जातो आणि द्राव चिकट, तारदार होतो. पेशी फुटलेल्या असतात आणि ती तार त्यांच्यातून सुटलेल्या डीएनएची असते. आपण ज्याला गोडं पाणी म्हणतो ते यांना विषासारखं. पावसाळ्यानंतर असे रंग ओसरतात त्यात नवल नाही.

दुसरा पंथ जास्त पसरलेला आहे. तो मीठ बाहेरच ठेवतो आणि पेशीत स्वतः बनवलेले, प्रथिनांना त्रास न देणारे छोटे रेणू साठवतो. यातलं उत्तम उदाहरण म्हणजे ड्युनालिएला सलिना हे एकपेशीय शैवाल. दक्षिण फ्रान्सच्या मिठागरांतलं लाल पाणी कशामुळे, याचा शोध घेताना मिशेल फेलिक्स ड्युनाल यांना ते १८३८मध्ये दिसलं, आणि १९०५मध्ये त्याला त्यांचंच नाव मिळालं. या शैवालाला टणक पेशीभिंत नाही. पाणी जास्त खारं झालं की पेशी क्षणात आक्रसते, मग आत ग्लिसरॉल बनवायला घेते आणि थोड्या वेळात पुन्हा फुगून पूर्ववत होते. औषधाच्या दुकानात ग्लिसरीनच्या नावाने मिळतं तेच हे द्रव्य. कडक उन्हात हे शैवाल बीटा कॅरोटीन साठवून केशरी-लाल होतं, आणि त्या कॅरोटीनसाठी ऑस्ट्रेलिया, इस्राएलमध्ये त्याची चक्क शेती होते.

काही जीवाणू ग्लिसरॉलऐवजी एक्टोइन नावाचा रेणू बनवतात. तो १९८५मध्ये सोड्याच्या सरोवरातल्या एका जीवाणूत सापडला. प्रथिनांभोवतीचा पाण्याचा थर तो सांभाळतो, म्हणून आज त्वचेच्या क्रीममध्ये आणि नाकात मारायच्या फवाऱ्यांतही तो घालतात.

हा दुसरा पंथ लवचिक आहे, खारेपणा वरखाली झाला तरी निभावतो. पण महाग पडतो, कारण प्रत्येक रेणू बनवायला ऊर्जा लागते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले अहरोन ओरेन यांनी आयुष्यभर या जीवांचा अभ्यास केला. त्यांनी १९९९मध्ये मांडलेला मुद्दा मला फार पटतो: अतिखाऱ्या पाण्यात कोण राहू शकतं हे शेवटी ऊर्जेच्या जमाखर्चावर ठरतं. ज्यांची कमाईच तुटपुंजी, उदाहरणार्थ हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवणारे, त्यांना हा खर्च परवडत नाही. म्हणून पाणी जसजसं दाट होतं तसतसे एकेका प्रकारचा धंदा करणारे जीव गळत जातात. मीठ सगळ्यांना सारखं मारत नाही, आधी गरिबांना मारतं म्हणा ना.

दोन्ही पंथांचा संसार मात्र एकत्रच चालतो. अतिखाऱ्या पाण्यात सूर्यप्रकाशावर अन्न बनवण्याचं काम मुख्यतः ड्युनालिएला करतं. त्याचं ग्लिसरॉल पाझरतं किंवा पेशी मेल्या की बाहेर येतं, आणि हॅलोआर्किया त्यावर जगतात. मृत समुद्रात हे दोनदा ढळढळीत दिसलं. तिथे जीव आहेत हे बेंजामिन विल्कान्स्की यांनी १९३६मध्येच दाखवलं होतं (पुढे त्यांनी व्होल्कानी हे आडनाव घेतलं). पण एरवी ते फार थोडे असतात, कारण मृत समुद्राचं पाणी नुसतं खारट नाही, त्यात मॅग्नेशियमचा भरणा आहे. १९८० आणि १९९२ साली हिवाळ्यात जोरदार पाऊस झाला आणि वरचा थर थोडा पातळ झाला. लगेच ड्युनालिएला फोफावलं, पाठोपाठ हॅलोआर्किया, आणि मृत समुद्र लालसर झाला. म्हणजे लोणारला पाणी आटल्यावर रंग आला, तिथे पाणी पडल्यावर. दोन्हीकडे जिवांना हवा होता तो आपापल्या सोयीचा खारेपणा, आणि ते त्याची वाट पाहत दबा धरून होते.

या कुळात विचित्र म्हणावा असा एक सदस्य आहे, चौकोनी पेशीचा. ॲन्थनी वॉल्सबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सिनाईच्या किनाऱ्याजवळच्या डबक्यातलं खारं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा त्याला काचेच्या तुकड्यांसारखे पातळ, पारदर्शक चौकोन तरंगताना दिसले. पेशीतल्या हवेच्या पोकळ्या चमकल्या नसत्या तर ते जीव आहेत हे कळलंही नसतं. १९८०मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. एक चौकोन दोन ते पाच मायक्रोमीटर रुंद, जाडी त्याच्या दहाव्या भागाइतकी. साधारण जीवाणूच्या आत पाण्याचा दाब असतो, त्यामुळे तो फुगून गोल किंवा लांबट होतो. इथे आतबाहेर क्षार सारखे, दाब जवळजवळ नाहीच, त्यामुळे पेशी चपटी राहिली तरी चालतं. चपटं असण्यात फायदा असा की ऊनही जास्त मिळतं आणि अन्न शोषायला पृष्ठभागही. मिठागरांत या चौकोनांची गर्दी असते, तरी प्रयोगशाळेत ते वाढता वाढेनात. शेवटी २००४मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या दोन गटांना ते वेगवेगळे जमलं, आणि हॅलोक्वाड्रॅटम वॉल्सबी असं नाव मिळालं. पेशींची वाढ इतकी संथ की संयम हेच मुख्य उपकरण.

रंगाचं काय? हॅलोआर्कियांचा लाल-गुलाबी रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या द्रव्याचा, गाजर-टोमॅटोतल्या रंगद्रव्यांच्याच घराण्यातला. उघड्या, उथळ पाण्यात ऊन भाजून काढतं, त्यापासून तो रंग बचाव करतो. पण काहींच्या पडद्यावर जांभळे ठिपकेही असतात, आणि त्या ठिपक्यांनी जीवशास्त्राला बरंच काही दिलं. १९७१मध्ये डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांना त्या जांभळ्या पडद्यात एक प्रथिन सापडलं, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. त्याच्या पोटात रेटिनल होतं. रेटिनल म्हणजे आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणारा रेणू, 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारा. तोपर्यंत तो प्राण्यांच्या डोळ्यांचीच मक्तेदारी समजला जाई. मिठातल्या या जिवात मात्र त्याचं काम बघण्याचं नव्हतं. उजेड पडला की रेटिनल वळतं आणि एक प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं. बाहेर साठलेले प्रोटॉन परत आत येताना पेशी त्यांच्याकडून ऊर्जा बनवून घेते. हरितद्रव्य नाही, प्राणवायू सुटणं नाही, एकच प्रथिन आणि काम फत्ते. उन्हाने तापलेल्या दाट पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो, तेव्हा ही जोडकमाई कामाला येते.

हे प्रथिन पडद्यात आपोआप स्फटिकासारखं रांगेत बसलेलं असतं. त्याचा फायदा घेऊन रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी १९७५मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचा आराखडा काढला. पेशीपटलातल्या प्रथिनाची रचना पहिल्यांदाच दिसत होती. त्या वाटेवरून पुढे आलेल्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी हेंडरसनना २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालं. वादी नत्रूनसारख्या सोड्याच्या सरोवरांतल्या एका हॅलोआर्कियाकडे प्रोटॉनऐवजी क्लोराइड ओढणारा पंप आहे. मेंदूच्या अभ्यासात तो उंदरांच्या चेतापेशींत बसवतात आणि पिवळ्या प्रकाशाने ठरावीक पेशी तेवढ्यापुरत्या गप्प करतात.

अशा संशोधनासाठी दरवेळी दूरच्या सरोवरावर जावं लागत नाही. मिठागर ही तयार प्रयोगशाळाच असते. उरण, पेण, वसई, भाईंदर, गोव्यात रायबंदर, कुठेही जा, रीत तीच. उधाणाला समुद्राचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं, मग उन्हात दाट होत जाईल तसं एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं. आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, आणि द्राव किती दाट ते सांगणाऱ्या बॉमे मापावर २५ अंशांच्या जवळ आला की मीठ पडू लागतं. प्रत्येक बांधापलीकडे वेगळा खारेपणा आणि वेगळी वस्ती. सुरुवातीला हिरवट शेवाळं, मधे कोळंबीचे दूरचे नातलग, शेवटी फक्त लालसर पाणी. हा रंग मिठाचं कामही हलकं करतो, कारण रंगीत पाणी ऊन जास्त शोषतं आणि लवकर आटतं. रायबंदरच्या मिठागरांतले हॅलोआर्किया गोव्यातल्याच संशोधकांनी वेगळे काढून अभ्यासले आहेत. आपल्याकडे तर दरवर्षी पावसाळ्यात सगळे वाफे गोड्या पाण्याने भरतात, तरी पुढच्या हंगामात ही मंडळी हजर. गाळात आणि मिठाच्या खड्यांत त्यांनी तग धरलेला असतो. आगरातल्या जाड्या मिठाने खारवलेल्या मासळीवर कधी लाल चट्टे उठतात, तेही यांचेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा या जीवांचा बराचसा अभ्यास खारवलेला मासा आणि कातडी का लाल पडतात, या व्यापाऱ्यांच्या तक्रारीतूनच सुरू झाला.

स्पेनमध्ये अलिकान्तेजवळ सांता पोला इथे अशीच मिठागरं आहेत. तिथल्या हॅलोफेरॅक्स या आर्कियावर फ्रान्सिस्को मोहिका नावाचा तरुण पीएचडी करत होता. डीएनए वाचताना त्याला एक तुकडा ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा आलेला दिसला. १९९३मध्ये त्याने ते छापलं. असे तुकडे १९८७मध्ये जपानी संशोधकांना आतड्यातल्या जीवाणूतही दिसले होते, पण त्यांचा अर्थ कुणाला लागला नव्हता. मोहिकाने पिच्छा सोडला नाही. दहा वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की पुनरावृत्तींच्या मधली अक्षरं विषाणूंच्या डीएनएशी जुळतात. सूक्ष्मजीव पूर्वी चावलेल्या विषाणूची खूण जपून ठेवत होता! काही नियतकालिकांनी लेख परत पाठवला, शेवटी तो २००५मध्ये प्रसिद्ध झाला. या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांना क्रिस्पर हे नावही त्यानेच सुचवलं. २०२०चं नोबेल क्रिस्परपासून जनुकं कापण्याची कात्री बनवणाऱ्या इमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना मिळालं, मोहिकाला नाही. नोबेलची वाटणी हा वेगळाच विषय, पण 'मिठागरातल्या किड्यांवर पैसे कशाला घालवता' असं विचारणाऱ्याला हे उदाहरण जरूर द्यावं.

मघाशी कोळंबीचे नातलग म्हटलं, ते आर्टेमिया. बोटाच्या पेराहून छोटा, पारदर्शक, उलटा पोहणारा प्राणी. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५०च्या दशकातली आहे. परिस्थिती बिघडली की मादी पिल्लांऐवजी कडक कवचाची अंडी टाकते. ती सुकून वर्षानुवर्षं पडून राहतात, पाणी लागलं की एखाद्या दिवसात पिल्लं बाहेर. कोळंबी-मासे पाळणारे ही अंडी डब्यातून विकत घेतात. मोठे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असे प्राणी खातात. धाकटे रोहित सोड्याच्या पाण्यातली सूक्ष्म निळीहिरवी शेवाळं गाळून खातात, आणि त्यांच्या पंखांचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. जगातले बहुसंख्य धाकटे रोहित टांझानियातल्या नेट्रॉन या सोड्याच्या सरोवरावर घरटी करतात. त्या दाहक चिखलातून चालत जायला कोल्हे-तरस तयार नसतात.

या सगळ्याला हद्द आहे का? आहे, आणि ती बहुतेक वेळा साध्या मिठाने येत नाही. साधं मीठ संपृक्त असलं तरी हॅलोआर्किया मजेत असतात. मीठ काढून घेतल्यावर मिठागरात जो कडू द्राव उरतो तो मॅग्नेशियमचा, आणि तो जास्त घातक. मॅग्नेशियम क्लोराइड पाण्याची उपलब्धता आणखी खाली नेतं आणि प्रथिनांची घडीच मोडतं. भूमध्य समुद्राच्या तळाशी अशा मॅग्नेशियमच्या दाट द्रावाचे कुंड आहेत. त्यांत वरून खाली जाताना जिवाच्या खुणा एका थराशी थांबतात. इथिओपियातल्या दल्लोलमध्ये पिवळी-हिरवी, उकळती, आम्लधर्मी, खारी डबकी आहेत. २०१९मध्ये एका गटाने तिथल्या सर्वांत कडक डबक्यांत जीव आढळत नाहीत असं दाखवलं. पाणी आहे म्हणजे जीव असेलच असं गृहीत धरून इतर ग्रहांकडे बघणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. मंगळावर क्लोराइडचे साठे आढळले आहेत, पण क्षार कोणता हा प्रश्न आधी येतो.

मिठाच्या खड्यात अडकलेल्या थेंबात जीव किती काळ टिकतात, यावरही वाद आहे. २०००मध्ये न्यू मेक्सिकोतल्या २५ कोटी वर्षं जुन्या मिठातून जीवाणू जिवंत केल्याचा दावा झाला. तो बऱ्याच जणांना मान्य नाही. इतका काळ डीएनए कसा टिकेल, आणि नंतर आत काही शिरलं नाही कशावरून, या शंकांना पटणारं उत्तर मिळालेलं नाही. मलाही ते पचत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचं काम मात्र भक्कम आहे. तिथे २२ ते ३४ हजार वर्षं जुन्या मिठाच्या खड्यांतून हॅलोआर्किया वाढवता आले. खड्यातल्या त्याच थेंबांत ड्युनालिएलाच्या मेलेल्या पेशीही होत्या, म्हणजे शिधा बरोबर होता.

इतक्या चिवट जिवांना माणसाचा काय धोका, असं वाटेल. पण वर पाहिलं तसं यांचं सगळं गणित ठरावीक खारेपणावर बसवलेलं असतं, आणि तो आपण दोन्ही बाजूंनी बिघडवतो. लोणारला सांडपाणी आणि जादा गोडं पाणी विवरात उतरणं ही काळजीची बाब आहे. २०२०च्या नोव्हेंबरात सरोवराला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, पण पाटी लावल्याने सामू टिकत नाही. मृत समुद्रात उलटं, जॉर्डनचं पाणी शेतीला वळवल्याने पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर उतरते आहे.

अमेरिकेतल्या युटामधलं ग्रेट सॉल्ट लेक यात सगळ्यात बोलकं आहे. १९५९मध्ये त्याच्या आरपार रेल्वेचा भराव टाकला. बहुतेक नद्या दक्षिण भागात येतात, त्यामुळे उत्तरेकडचं पाणी संपृक्त होऊन गुलाबी झालं आणि दक्षिणेत आर्टेमिया टिकून राहिला. २०२२मध्ये सरोवराची पातळी आजवरच्या नोंदींतल्या तळाला गेली. दक्षिण भागही इतका खारा होऊ लागला की आर्टेमियाच्या आणि त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या जिवावर बेतलं. तेव्हा २०२२ आणि २०२३मध्ये अधिकाऱ्यांनी भरावाला पाडलेल्या खिंडीतला बांध वाढवून उंच केला, उत्तरेचं दाट पाणी दक्षिणेत येऊ नये म्हणून. २०२२-२३च्या हिवाळ्यात डोंगरांवर भरपूर बर्फ पडलं आणि दक्षिणेकडचं पाणी चढलं. बांध किती उंच ठेवायचा, हे आता तिथे खारेपणा मोजून ठरवतात.